मापाची वही आणि पत्त्यांची यादी

आमच्या घरात कपाटाच्या वरच्या खणात, कुलपात, एक वही असते. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानांची. दागिने एखाद्या वेळी बाहेर राहतील, ही वही राहत नाही. ही आमची मापाची वही.

नांदगाव खंडेश्वर हे अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. अमरावतीहून निघालं की बडनेरा, मग आम्ही, आमच्या पुढे नेर. इथे राहत्या घराच्या समोरच्या खोलीत आम्ही दोघी जावा लेडीज टेलरिंगचं काम करतो. दोन शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, एक पिको-फॉलचं. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, अबाया, शाळेचे गणवेश, लग्नातले शरारे. पापळ, लोणी, मंगरूळ चव्हाळा, धानोरा गुरव अशा गावांतल्या बाया बाजाराला किंवा तहसील कचेरीत कामाला आल्या की कापड टाकून जातात आणि पुढच्या खेपेला शिवलेलं घेऊन जातात.

मापाच्या वहीत काय असतं, ते शिवणकाम करणाऱ्या बहिणींना सांगायला नको. उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. एखादीचा एक खांदा उतरता असतो, एखादी पोटुशी असते आणि घरात अजून कुणाला सांगितलेलं नसतं, एखादीचं ऑपरेशन झालेलं असतं. हे सगळं टेपला कळतं आणि वहीत खुणेनं लिहिलं जातं. वही उघडी ठेवून उठायचं नाही, हा अम्मींचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, पहिल्या दिवसापासूनचा नियम. घरातल्या पुरुषांनी ती वही कधी उघडली नाही, आणि आम्हीही एका बाईचं माप दुसरीला कधी सांगितलं नाही. बाया आमच्याकडे येतात त्या शिलाईसाठी जेवढ्या, तेवढ्याच या भरवशासाठी.

एवढं सांगण्याचं कारण असं की, वहीच्या बाबतीत इतक्या काटेकोर असणाऱ्या आम्ही दोघींनी ई-मेलच्या पत्त्यांच्या बाबतीत जी चूक केली, ती आजही आठवली की मशीनवरचा पाय थांबतो. अनेक बहिणी आता घरून काम करतात. कुणी मेहंदी काढतं, कुणी शिकवण्या घेतं, कुणी शेवया आणि मसाले करून विकतं. आज ना उद्या त्या सगळ्या आपल्या गिऱ्हाइकांची यादी करतीलच. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहोत.

आम्हाला यादीची गरज का पडली, ते आधी सांगतो. शिवणकामाचा खरा त्रास कामाच्या कमी-जास्तीचा नाही, काम एकदम येण्याचा आहे. सोयाबीनचे पैसे हातात आले, दिवाळी झाली, की लग्नसराईचे ब्लाउज येतात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा गणवेश येतात. रमजानचं तर विचारू नका. शेवटच्या दहा रोजांत सगळं गाव कापड घेऊन दारात. त्यातून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2022 साली तो एप्रिलमध्ये सुरू झाला होता, 2026 साली फेब्रुवारीत आला. म्हणजे जी ईद भर उन्हाळ्यात यायची, ती सरकत सरकत उन्हाळ्याच्या तोंडावर आली. अशा वेळी गिऱ्हाइकांना महिनाभर आधी कळवलं, की अमुक तारखेनंतर आम्ही कापड घेणार नाही, तर काम पसरून येतं, रात्रीची जागरणं वाचतात आणि इबादतीलाही वेळ मिळतो.

आता म्हणाल, नांदगावच्या बायांना ई-मेल कशाला? खरं आहे. आमच्या निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांना ई-मेल नाही, आणि त्यांचं काही अडलेलंही नाही. पण 2020 सालच्या टाळेबंदीत एक वेगळी गोष्ट झाली. त्या वर्षीची ईद मे महिन्यात कडक बंदीत गेली. मशीन बंद होती, नवे कपडे कुणी शिवलेच नाहीत. बंदी सैल झाली तेव्हा पहिली कामं आली ती गावाबाहेरच्या लेकींची. कुणी पुण्यात नोकरीला, कुणी नागपूरला शिकायला, कुणी लग्न होऊन हैदराबादला. त्यांची मापं आमच्या वहीत होतीच. त्या कापड कुरिअरने पाठवायच्या, गळ्याचा नमुना फोटो काढून मेल करायच्या. मेलच का? कारण फोन बदलला की व्हॉट्सअ‍ॅपवरचं जुनं बोलणं बऱ्याचदा हरवतं. मेलवर नमुना, माप, बिल, पावती एकाखाली एक राहतं, आणि दोन वर्षांनी ‘मागच्या वेळेसारखंच’ असं म्हटलं तरी सापडतं. कुरिअर तेवढं कधीकधी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठला जाऊन पडायचं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक मेलखाली ‘खंडेश्वर’ ठळक लिहितो.

असे करता करता चाळीसेक पत्ते जमले. ते जमले तोवर सगळं ठीक होतं. मग आम्हाला हाव सुटली.

2022 सालचा शाबान. दोन वर्षं मंदीत गेली होती, अंगावर मशीनचा हप्ता होता. आम्ही ठरवलं, या रमजानला आधीच सगळ्यांना कळवायचं आणि चाळिसांना नाही, चारशेंना कळवायचं. आमच्या पुतण्याने उत्साहाने पत्ते गोळा केले. एका लग्नाच्या वेळी पाहुण्यांना निमंत्रण पाठवायला केलेली यादी होती, ती घेतली. नात्यातल्या एकीकडे तिच्या कॉलेजच्या जुन्या मैत्रिणींचे पत्ते होते, तेही घेतले. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने त्याच्याकडे फॉर्म भरलेल्या मुलींचे मेल आयडी काढून दिले. आम्ही त्याला मिठाई दिली. हेही लपवत नाही. आणि आमच्या बिलबुकांतून पत्ते काढले. कुणी नमुना पाठवण्यासाठी दिलेले, कुणी पावती मागताना दिलेले. सगळे मिळून तीनशेच्या वर गेले.

रमजानच्या आधी दोन आठवडे, रात्री जेवणं झाल्यावर, पुतण्याने मेल लिहिला. आम्ही मजकूर सांगितला, त्याने टाइप केला. सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात टाकले आणि बटण दाबलं. आम्ही तिघांनी चहा घेतला. एका क्षणात तीनशे घरांत आपली जाहिरात गेली, फुकटात, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ‘टू’ किंवा ‘सीसी’ या रकान्यांत जेवढे पत्ते टाकाल, तेवढे सगळे पत्ते प्रत्येकाला दिसतात. एका बाईला पत्र पाठवताना आम्ही तिला बाकीच्या तीनशे जणांची नावंही पाठवली होती. आणि मेल आयडीत काय असतं? मुलीचं नाव, आडनाव, बहुतेक वेळा जन्मसालसुद्धा. यादी नुसत्या बायांची नव्हती. लग्नाच्या पाहुण्यांत पुरुष होते, ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी काही उत्तरं आली. एका गृहस्थाने ‘मला का पाठवलं?’ असं सगळ्यांनाच लिहिलं, त्यावर दुसऱ्याने सगळ्यांनाच उत्तर दिलं. पाच-सहा जणांनी खरोखरच शिलाईचे भाव विचारले. आम्ही खूश होतो.

आठव्या-नवव्या दिवशी जवळच्या एका खेड्यातल्या काकू आल्या. आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या पहिल्या मुलीच्या लग्नातले सगळे ब्लाउज आम्ही शिवले होते. धाकटी मुलगी अमरावतीला बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, एसटीने अपडाऊन करायची. काकू नेहमी दारातूनच ‘भाभी, हायेत का?’ म्हणत येतात. त्या दिवशी गुपचूप येऊन बसल्या. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

“भाभी,” त्या म्हणाल्या, “माह्या पोरीले कोणी तरी माणूस रोज मेल करून राह्यला. पहिले कपड्याचं इचारलं, मंग फोटो मागून राह्यला. तिच्या भावानं पाह्यलं. त्यानं इचारलं, ह्या माणसाले तुहा पत्ता भेटला कुठून? पोरगी रडून रडून सांगते, मले नाही माहीत.”

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. मुलाने आमचा मेल छापून आणला होता. सगळ्यात वर पत्त्यांची ती लांबलचक रांग, आणि तिच्यात त्या मुलीचं नाव पेनाने गोल केलेलं.

त्या मुलीने आपला पत्ता आम्हाला दिला होता तो बहिणीच्या लग्नातल्या ड्रेसचा नमुना पाठवायला. एका कामासाठी. आम्ही तो दुसऱ्याच कामासाठी वापरला, आणि वर तीनशे जणांत वाटला. आता घरात तिचं अपडाऊन बंद झालं होतं. प्रॅक्टिकलचे दिवस होते. घरातलं वातावरण निवेपर्यंत तिने बाहेर पडायचं नाही, असं ठरलं होतं. चूक आमची, कोंडली गेली ती.

आम्ही माफी मागितली. काय बोललो ते आता आठवत नाही, पण खूप बोललो. काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही जाणूनबुजून नसंन केलं. पण माह्या पोरीच्या मापाचं पान मले देऊन द्या. फाडून.”

त्या पानाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या बाईचं माप होतं. ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावं लागलं. तेवढा वेळ काकू समोर बसून राहिल्या आणि आमच्यापैकी एक लिहीत राहिली. मग पान फाडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी घडी करून पोलक्यात ठेवलं आणि निघून गेल्या. इतक्या वर्षांत आमच्या वहीचं फाटलेलं ते पहिलं पान.

मापाच्या वहीला कुलूप लावणाऱ्या आम्ही. त्या मुलीचं माप कुणाला कळलं नव्हतं हे खरं. पण काकूंच्या दृष्टीने एक गोष्ट बाहेर फुटली, तर दुसरीही फुटेल. त्यांचं चुकलं असं आम्हाला आजही वाटत नाही.

रात्री अम्मींना सगळं सांगितलं. अम्मी शाळा फारशी शिकलेल्या नाहीत, ई-मेल म्हणजे काय हेही आम्ही त्यांना त्याच दिवशी पहिल्यांदा समजावलं. फोनमध्ये प्रत्येकाची एक पेटी असते, तिच्यात कुणीही चिठ्ठी टाकू शकतं, असं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “म्हणजे तुम्ही तीनशे घरांत गेलात. दारात सलाम केला होता का?”

दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नये, आणि परत जा म्हटलं तर परत जावं, हे सूरह नूरमध्ये सांगितलेलं आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. तीन वेळा परवानगी मागावी, मिळाली नाही तर माघारी फिरावं, ही शिकवण हदीसमध्ये आहे. आम्ही ती शेजारच्या घरात शिरताना पाळतो. पोरांनाही शिकवतो की दाराच्या अगदी समोर उभं राहू नये, बाजूला उभं राहावं, म्हणजे घरातलं दिसत नाही. पण कुणाच्या मेलच्या पेटीला, कुणाच्या फोनलाही दार असतं, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही तर दार ढकलून आत गेलो होतो, आणि येताना सोबत तीनशे अनोळखी माणसं आणली होती.

अम्मींनी आणखी एक आठवण दिली. मक्केचे लोक प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना अल-अमीन म्हणत. हिजरतीच्या रात्री जिवावर बेतलेलं असतानाही त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवलं ते लोकांच्या अमानती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. त्या अमानती ठेवणाऱ्यांत विरोधकही होते. अम्मी म्हणाल्या, नाव आणि पत्ताही अमानतच आहे. ज्याने ज्या कामासाठी दिला, त्या कामापुरताच तो आपला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही निस्तरायला बसलो. आधी काकूंच्या घरी गेलो. मुलीच्या वडिलांसमोर आणि भावासमोर सांगितलं की पत्ता आमच्याकडून फुटला, मुलीचा काही दोष नाही. हे सांगणं सगळ्यात जड गेलं आणि सगळ्यात गरजेचंही होतं. तो माणूस कुठल्या यादीतून आला होता तेही शोधलं. लग्नाच्या पाहुण्यांतला निघाला. त्याच्या घरच्या मोठ्यांच्या कानावर घातलं, तेव्हा मेल थांबले. मुलगी आठवड्याने कॉलेजला जाऊ लागली. मग यादीतल्या सगळ्यांना माफीचा मेल पाठवला, आणि आधीचा मेल कृपया पुसून टाका, त्यात दुसऱ्यांचे पत्ते आहेत, अशी विनंती केली. या वेळी पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात टाकले. पूर्वी टाइपरायटरवर कार्बन लावून प्रती काढत, त्यावरून ‘कार्बन कॉपी’ हा शब्द आला. बीसीसी म्हणजे अशी प्रत, की ती कुणाकुणाला गेली हे बाकीच्यांना दिसत नाही. एवढी एक गोष्ट आम्हाला आधी माहीत असती, तर त्या मुलीचं नाव तरी झाकलेलं राहिलं असतं. पण विचारल्याशिवाय पाठवल्याची चूक बीसीसीने झाकत नाही.

माफी पाठवून झाल्यावर सगळी यादी पुसली. तीनशेची शून्य झाली.

आमच्यापैकी धाकटीला वाचनाचा नाद आहे. तिने शोधलं, तर कळलं की ही चूक फार जुनी आहे. 3 मे 1978 रोजी, इंटरनेट अजून आजच्यासारखं नव्हतं तेव्हा, अर्पानेट या अमेरिकेतल्या संगणकांच्या जाळ्यावर गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे चारशे जणांना न विचारता आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. त्याच्याही मेलमध्ये सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत होते आणि त्याच्यावरही तक्रारी झाल्या. नको असलेल्या मेलचा आज जो जगभर सुळसुळाट आहे, त्याची सुरुवात तिथून धरतात. आपल्या देशातही आता याचा विचार झाला आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माणसाची संमती मोकळ्या मनाने, नेमक्या कामासाठी आणि समजून-उमजून दिलेली असावी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं असावं, असं त्यात म्हटलं आहे. वाचून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. अम्मींनी तेच सांगितलं होतं.

यादी पुन्हा करायला आम्ही सहा महिने थांबलो. या खेपेला कशी केली, ते सविस्तर सांगतो.

मापाच्या वहीपासून यादीची वही वेगळी केली. मापाच्या वहीतला नंबर म्हणजे कपडा तयार झाला हे सांगण्यापुरता, बस्. यादीच्या वहीत नाव जायचं असेल तर बाईने स्वतःच्या हाताने लिहायचं. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहितो, पण तिला वाचून दाखवतो. लिहिण्याआधी आम्ही तीन गोष्टी सांगतो: वर्षातून चार वेळा कळवू, जास्त नाही. शाबानमध्ये, शाळा उघडायच्या आधी, दिवाळीनंतर आणि बकरी ईदच्या महिनाभर आधी. तारखा आणि भाव एवढंच असेल. आणि नको वाटलं तर ‘नको’ एवढा एक शब्द पाठवायचा, कारण विचारणार नाही.

मग चौथा प्रश्न विचारतो, जो आम्ही अनुभवातून शिकलो: हा मेल उघडतं कोण? आपल्याकडे कित्येक मुलींचा मेल आयडी शिष्यवृत्तीचा किंवा भरतीचा फॉर्म भरताना सेंटरवाल्याने काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्याकडेच असतो, किंवा कुणालाच माहीत नसतो. काही बायांचा आयडी म्हणजे मुलाचा किंवा दिराचा आयडी असतो. तिथे मेल पाठवणं म्हणजे एकीचं पत्र दुसऱ्याच्या हातात देणं. अशा मुलींना आम्ही सांगतो, आधी तुझा पासवर्ड तुझ्या हातात घे. दोघी-तिघींना समोर बसवून बदलूनही दिला.

पत्ता लिहून घेतल्यावर त्याच दिवशी एक छोटा मेल पाठवतो, ‘तुम्ही आमच्या वहीत नाव लिहिलं, बरोबर ना?’ असा. ‘हो’ आलं तरच नाव पक्कं. यात दोन फायदे झाले. ‘जीमेल’च्या जागी ‘गमेल’ असं लिहिलेले पत्ते लगेच कळले. आणि घाईत, भिडेखातर नाव लिहिलेल्या बायांना माघारी फिरायची वाट मिळाली. भिडेखातर दिलेली परवानगी ही परवानगी नसते. समोर बसलेल्या शिंपिणीला ‘नको’ म्हणणं जड जातं, घरी गेल्यावर नुसतं गप्प राहणं सोपं असतं. दोन वेळा विचारतो. उत्तर आलं नाही, तर तिसऱ्यांदा एकदाच, मग सोडून देतो.

ज्यांना ई-मेल नाही, त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आम्ही कधीच केला नाही, कारण ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करतो. तिच्यात एक गंमत आहे. ज्या बाईने आपल्या फोनमध्ये आमचा नंबर जपून ठेवला असेल, तिलाच तो निरोप पोचतो. म्हणजे दार तिनेच आतून उघडायचं. आणि ज्यांना यातलं काहीच नाही, त्यांच्यासाठी दारावर पाटी आहेच: ‘पंधराव्या रोजानंतर ईदचं कापड घेतलं जाणार नाही.’

दर ईदनंतर यादी चाळतो. दोन वर्षांत जी आली नाही, तिला एकदा विचारून नाव काढतो. एका वर्षी शाबानच्या मेलला एका मुलाचं उत्तर आलं, की अम्मीचं इंतकाल होऊन चार महिने झाले. आम्हाला माहीतच नव्हतं. त्याला फोन केला, मग्फिरतीची दुआ केली, आणि नाव काढताना वाटलं की यादी करणं म्हणजे माणसांची खबर ठेवणंही आहे. नुसती नावं साठवून ती होत नाही.

मध्यंतरी एक मोहाचा क्षणही आला. बायांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा माणूस दुकानात आला. तुमच्याकडे एवढ्या बायांचे नंबर आहेत, दर नावामागे पाच रुपये देतो, म्हणाला. तेव्हा ओव्हरलॉकची मोटर जळालेली होती आणि नवीन घ्यायला पैसे नव्हते, त्याला नेमकं कसं कळलं कोण जाणे. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, हे कबूल करतो. मग आमच्यापैकी थोरली म्हणाली, “भाऊ, वही आमची आहे, नावं आमची नाहीत.” मोटर पुढच्या महिन्यात घेतली. तोवर काठाची तुरपाई हाताने केली.

आज आमच्या यादीत 137 नावं आहेत. चार वर्षांपूर्वीच्या एका रात्रीत गेली होती त्याच्या निम्मीही नाहीत. पण शाबानमध्ये मेल गेला की आठ दिवसांत निम्म्या जणी कापड पाठवतात किंवा ‘या वेळी नाही’ असं तरी कळवतात. मागच्या दोन्ही ईदला चाँदरातीला आमची मशीन संध्याकाळीच बंद होती. तीनशे अनोळखी माणसांना ओरडून सांगण्यापेक्षा, ज्यांनी स्वतः ‘सांगा’ म्हटलं त्यांना हळू आवाजात सांगितलेलं जास्त पोचतं. आम्ही याला बरकत म्हणतो.

काकू पुन्हा यायला दोन वर्षं लागली. मुलगी तोवर पास होऊन अमरावतीला नोकरीला लागली होती. त्या एकट्याच आल्या, ब्लाउजपीस घेऊन, नेहमीसारख्या दारातून ‘भाभी, हायेत का?’ म्हणत. आम्ही टेप काढला, वहीत नवं पान घेतलं, नाव लिहिलं, गाव लिहिलं, माप लिहिलं. नंबरच्या रकान्याशी पेन थांबला. काकूंनीच पाहिलं.

“नंबर राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मीच येईन इचाराले.”

आम्ही बरं म्हटलं आणि दिवस सांगितला. ठरलेल्या दिवशी त्या आल्या, ब्लाउज घालून पाहिला, पैसे दिले, या वेळी पाणीही घेतलं. त्यानंतर तीनदा येऊन गेल्या. त्यांच्या पानावर नंबरची जागा अजून कोरी आहे. आम्ही ती भरायला सांगितलेली नाही, सांगणारही नाही.